धुरी न दिलेलं डाळिंब

माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांइतका झाडापानांवर संशय घेणारा माणूस साऱ्या मावळात झाला नसेल. माणसांवर त्यांचा विश्वास होता. दूधवाल्याच्या मापाकडे ते कधी बघत नसत, पण कोथिंबिरीची जुडी त्यांच्या परवानगीशिवाय घराचा उंबरा ओलांडू शकत नसे. लोणावळ्याच्या त्या घराला पुढे ओटी होती आणि मागे पडवी. बाजारातून आलेली भाजी ओटीवरून सरळ स्वयंपाकघरात जायची नाही. ती घराला वळसा घालून मागच्या पडवीत जायची, एका जुन्या पाटावर पसरली जायची, आणि मग मामंजी जानव्याला बांधलेलं भिंग डोळ्याला लावून एकेक पान उलटंपालटं करून बघायचे. ताई त्यांना मामंजी म्हणायची म्हणून मीही मामंजीच म्हणू लागलो. दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारावी इतकं जवळ त्यांनी कुणालाच येऊ दिलेलं नव्हतं. ताई लग्न होऊन आली तेव्हा आमच्या आईने तिच्याबरोबर जाईची एक फांदी मातीत खोचून दिली होती. नवी सून माप ओलांडून घरात आली, पण जाई मात्र चौदा दिवस पडवीत एका फुटक्या माठाखाली झाकून ठेवली गेली. पंधराव्या दिवशी मामंजींनी माठ उचलला, भिंगातून पाहिलं आणि ‘निर्दोष’ एवढाच शब्द उच्चारला. जाई तोवर वाळून गेली होती.

पुढे मी लोणावळ्याच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि ताईकडेच राहू लागलो. भाऊजी रेल्वेत, घाटातल्या ड्यूटीवर. ते घरात असत तेव्हा झोपलेले असत. त्यामुळे संध्याकाळी शाळेतून आल्यावर मामंजींची सोबत माझ्या वाट्याला येई. ते फार बोलत नसत. बोलले तर नोकरीविषयीच बोलत. मुंबई बंदरात परदेशातून येणारी कलमं, कंद, रोपं उतरवून घ्यायची, त्यांच्यावर कीड आहे का ते तपासायचं, आणि मग एका बंद कोठीत ठेवून त्यांना विषारी वायूची धुरी द्यायची, अशा एका सरकारी कचेरीत ते कारकून म्हणून लागले आणि तपासनीस होऊन पेन्शनीत निघाले. तपासणीची फी वेगळी, धुरीची वेगळी, आणि दोन्हींची पावती झाडाबरोबर जायची. बंगलेवाल्या शेटलोकांना ही फी फार झोंबायची. विलायतेहून गुलाब मागवताना त्यांना काही वाटत नसे, पण धुरीच्या फीवरून ते तासभर हुज्जत घालत. एका शेटने विचारलं होतं, “माझा गुलाब, माझे पैसे, तुम्ही कशाची फी घेता?” मामंजी म्हणाले होते, “गुलाबाची घेत नाही. गुलाबावर बसून फुकट आले त्यांची घेतो.” एका बाईंचं म्हणणं असं पडलं की, तीन वर्षांच्या आतल्या मुलाला आगगाडीत तिकीट पडत नाही, मग आपल्या वीतभर रोपाला फी कशी पडते? मामंजींनी हा मुद्दा लेखी वरिष्ठांकडे पाठवला आणि त्याचं उत्तर येईपर्यंत रोप अडकवून ठेवलं. हे सांगताना दुसरा कुणी हसला असता. मामंजी हसत नसत. ते खिन्नपणे म्हणत, “नियम होता. मी काय करणार?”

गणपतीत तर घरात रोज खटका उडायचा. भटजी पूजेला बसलेले, आरतीचं तबक तयार, आणि एकवीस दूर्वांची जुडी पडवीत भिंगाखाली. एके वर्षी भटजींचा धीर सुटला. ते म्हणाले, “अहो, देवाला कीड लागत नाही.” मामंजी दूर्वा बघता बघताच म्हणाले, “देवाला लागत नाही. देवाच्या नावावर घरात शिरते.” भटजी पुढच्या वर्षापासून दूर्वा स्वतःच तपासून, तंबाखूच्या पाण्यात बुडवून आणू लागले, आणि ते आमच्या घरी आले की सारा देव्हारा तंबाखूने दरवळायचा.

बदामाचं मात्र हसण्यावारी नेता येण्यासारखं नव्हतं. ताईच्या मुलीच्या बारशाला कुणीतरी बदामाची खीर केली होती. वाटी समोर आली तसे मामंजी ताटावरून उठले, हात न धुता सगळ्या खिडक्या उघडल्या आणि बायकापोरांना हाताला धरून अंगणात काढलं. बारशाच्या बायका पावसात उभ्या राहिल्या. मला वाटलं, म्हातारपणाचं काहीतरी. नंतर ताईने सांगितलं की, धुरीच्या त्या वायूला कडू बदामासारखा वास येतो. एकदा एका हमालाने कोठीचं दार वेळेआधी उघडलं होतं. त्याला बाहेर ओढून काढलं ते मामंजींनीच. तो वाचला, पण पुन्हा कामावर आला नाही, आणि मामंजींच्या छातीत खोकला राहिला तो कायमचा. त्या बारशापासून त्या घरात बदाम आला नाही.

असा हा माणूस. मला त्यांची गंमत वाटायची, थोडी भीती वाटायची, आणि या उदास माणसाच्या आयुष्यात आता काही घडणार नाही याची खात्रीही वाटायची.

दसरा जवळ आला होता. बाजारातून मी लिंबं आणली. विकणाऱ्या बाईने दोन-तीन लिंबं पाल्यासकट दिली होती. मामंजींनी पडवीत भिंग लावलं आणि एका पानावर ते थांबले ते थांबलेच. पानाच्या पाठीवर कापसाच्या बोंडासारखे पांढरे ठिपके होते, पाच-सहा. मी पाहिलेल्या कीटकांत ते सर्वांत निरुपद्रवी दिसणारे होते. मामंजींचा चेहरा उतरला.

“ही बाई कुठली?” त्यांनी विचारलं.

“कारल्याकडची असेल. तिकडच्या बायका येतात या बाजाराला.”

ते पाटावर बसून राहिले. चहा आला, निवला. मग एकदम म्हणाले, “मास्तर, तुम्हाला वेळ आहे का थोडा?” आणि त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी त्याआधी बायकोलासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

पहिली मोठी लढाई संपून पलटणी परत येत होत्या. बसऱ्याहून आलेल्या एका बोटीवरून मावळातला एक जवान उतरला. त्याच्या हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं डाळिंबाचं रोप होतं. त्याच्या गावचा, त्याच्याच पलटणीतला एक सोबती तिकडे तापाने गेला होता. त्या सोबत्याने छावणीत तंबूशेजारी हे रोप लावलं होतं, आणि आता ते त्याच्या आईला नेऊन द्यायचं होतं. जवानाने फी किती म्हणून विचारलं आणि लगेच काढून दिली. मग म्हणाला, “सायेब, धुरी दिल्याव जगंल न्हवं ह्ये?” मामंजींनी रोप पाहिलं. प्रवासाने पाला गळालेला, वर दोन कोवळे फुटवे. कोठीत ते टिकणार नाही हे त्यांना दिसत होतं.

“फी मी घेतली,” मामंजी म्हणाले. “पावती दिली. वहीत लिहिलं, तपासलं, धुरी दिली. आणि धुरी दिली नाही.”

“एकदाच?” मी विचारलं.

“एकदाच. अर्जावर रोप जाणार ते गाव लिहावं लागतं. कारल्याजवळची वाडी. मी विसरलो नाही.” मग थोडं थांबून म्हणाले, “पेन्शन घेऊन इथे आलो तेव्हापासून पुण्याला जाताना मी गाडीत डावीकडे बसत नाही. मळवलीच्या पुढे तिकडची झाडं दिसतात.”

रविवारी आम्ही दोघं पॅसेंजरने मळवलीला उतरलो. भात पोटरीला आलं होतं आणि बांधावरून चालताना मामंजी दोन्ही हातांनी धोतर सावरत होते. त्यांच्या खांद्याला एक पिशवी होती. तिच्यात साबण, रॉकेलची बाटली आणि तंबाखूची पूड होती. वाडीत विचारल्यावर घर लगेच सापडलं. लढाईत गेलेल्याची आई म्हणून म्हातारीला सगळे ओळखत होते. तिच्या परसात डाळिंब होतं. पुरुषभर उंचीचं, काटकुळं, पण लालभडक फुलांनी भरलेलं. म्हातारी दारात बसून शेंगा सोलत होती. मामंजींनी झाड बघू का म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, “बगा की. फळ न्हाई धरत ते हितल्या पावसात. फुलतंय तेवडं बास.”

मामंजींनी फांदी वाकवली. पानांच्या पाठीला तेच पांढरे ठिपके होते. शेजारच्या परड्यात लिंबाची सात-आठ झाडं होती, त्यांच्यावरही होते. लिंबांचा मालक बाहेर आला आणि म्हणाला, “दोन सालं झाली, बार निम्म्यावं आलाय. काय हाय वो ह्ये?” मामंजींनी म्हातारीकडे पाणी मागितलं, त्यात साबण आणि रॉकेल घोटलं, आणि कोट काढून डाळिंबाचं एकेक पान फडक्याने पुसायला सुरुवात केली. दुपार टळेपर्यंत ते पुसत होते. पोरंटोरं, बाया, म्हातारे जमून बघत होते, कारण झाडाला आंघोळ घालणारा पगडीवाला त्या वाडीने आजवर पाहिला नव्हता. म्हातारीने गुळाचा चहा पुढे केला. मामंजी बाहेर कुणाकडे पाणीही घेत नसत. त्यांनी तो चहा उभ्यानेच घेतला.

दुसऱ्या रविवारी त्यांनी शेजारची लिंबंही पुसली. परत निघायच्या वेळी ते म्हातारीसमोर जाऊन उभे राहिले. मला वाटलं होतं की, ते निरोप घेतील.

“बाई,” ते म्हणाले, “तुमच्या मुलाचं हे झाड माझ्या हातून आलं. मी त्याला औषधाची धुरी द्यायला हवी होती. दिली नाही. ही कीड त्याच्याबरोबर आली असावी.”

म्हातारीने पदराने ओट्याची कडा झाडली. मग म्हणाली, “बसा भाऊ.” मामंजी ओट्याच्या कडेला बसले.

“माजा ल्योक झाड लावनारा न्हवता,” ती म्हणाली. “दारच्या तुळशीला कदी तांब्याभर पानी घातलं न्हाई त्येनं. लडाईत जाऊन झाडं लावंल व्हय? त्येचा सोबती आला, म्हनला तुज्या लेकानं लावल्यालं हाय. म्या वळाकलं. म्हातारीकडं मोकळ्या हातानं कसं जावं, म्हून आनलं असंल कुटनं तरी. त्येला म्या काय बोल्ले न्हाई. झाड लावलं.”

मामंजींच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. ज्या एका खोट्यासाठी ते बारा-तेरा वर्षं झुरले, ते एका दुसऱ्याच खोट्यावर उभं होतं, आणि ज्या बाईसाठी हे सगळं झालं तिला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांना खोकल्याची उबळ आली.

दुर्दैव असं की, लिंबांचा मालक परड्याच्या कुडापाशी उभा होता. त्याला सगळं ऐकू गेलं नव्हतं. झाडाबरोबर कीड आली एवढं गेलं होतं.

पुढच्या शनिवारी मामंजींनी किडीचा नमुना एका डबीत घालून पुण्याच्या एका सरकारी कचेरीकडे पाठवला, ही कीड देशी की परदेशी ते कळवावं म्हणून. रविवारी त्यांना ताप होता, गेलो नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही वाडीत पोचलो तेव्हा परसात राखेचा काळा गोल होता. डाळिंब मुळासकट उपटून जाळलं होतं.

“गावानं जाळलं?” मामंजींनी विचारलं.

“मीच जाळलं,” म्हातारी म्हणाली. “लोकांची लिंबं जायला लागली तर ठिवून काय करू? पर जाळून बी त्यास्नी पुरं न्हाई. पान्यावं गेले तर बाया सरकून हुब्या ऱ्हात्यात. म्हनत्यात, मेल्याल्याची वस्तू गावात आनली, हिच्या लेकानं मरून बी गाव नासलं.” ती रडत नव्हती. पोळलेल्या मातीकडे बघत होती. “माज्या लेकाचं नाव असं कुनी घेतलं न्हवतं, भाऊ.”

परतीच्या वाटेवर मामंजी एकदाच बोलले. “खरं सांगायला नको होतं,” ते म्हणाले. “मी माझं ओझं तिच्या दारात टाकून आलो.”

दिवाळीनंतर पुण्याचं पत्र आलं. मामंजींनी ते ओटीवर वाचलं, घडी घालून कोटाच्या खिशात ठेवलं आणि मला म्हणाले, “उद्या रजा मिळेल का?” गाडीत मी काय लिहिलंय म्हणून विचारलं तर ते खिडकीबाहेर बघत राहिले. त्या दिवशी ते डावीकडे बसले होते.

भात कापणीला आलं होतं, तरी मामंजींनी निरोप पाठवला म्हणून वाडीतली माणसं देवळापुढच्या पारावर जमली. लिंबांचा मालक आला. बाया लांब उभ्या राहिल्या. म्हातारी सगळ्यांत मागे, पदर डोक्यावरून ओढून बसली. मामंजी पगडी नीट करून उभे राहिले, पत्र उघडलं आणि म्हणाले, “हे सरकारचं पत्र आहे. इंग्रजीत आहे. मी मराठीत सांगतो.” मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. कागद माझ्यासमोर होता आणि मला इंग्रजी वाचता येत होतं.

पत्रात चारच ओळी होत्या. पाठवलेला नमुना कुजलेल्या अवस्थेत पोचला, त्यावरून कीड ओळखता येत नाही. ताजा नमुना कोरड्या डबीत, तपासणीच्या फीसह पाठवावा.

मामंजी सावकाश, एकेक शब्द तोलून बोलू लागले. “सदरहू कीड तपासण्यात आली. ती परदेशातून आलेली नाही. ती या भागात फार जुनी आहे, लिंबावर आणि पेरूवर पूर्वीपासून आढळते. डाळिंबाच्या झाडाने ती आणली, असं म्हणण्यास काही आधार नाही. लिंबांना साबणाच्या पाण्याने धुवावं, म्हणजे ती हटेल.” त्यांनी दम घेतला. मला वाटलं, झालं. पण ते कागदावरून नजर न काढता पुढे म्हणाले, “झाड आणणाऱ्याचा आणि ज्याच्या नावाने आणलं त्याचा यात काहीही दोष नाही.”

लिंबांचा मालक डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेत म्हातारीपाशी गेला आणि म्हणाला, “मावशे, चुकलं.” बाया पुढे सरकल्या. म्हातारी मामंजींपाशी आली आणि तिने हात पुढे केला. “त्यो कागुद मला देता?”

मामंजींनी आयुष्यात पावतीशिवाय दुसरा सरकारी कागद कुणाच्या हातात दिला नव्हता. त्यांनी पत्राची घडी घातली आणि तिच्या हातावर ठेवली. तिने ती कनवटीला खोचली.

आम्ही स्टेशनवर आलो. गाडीला वेळ होता. मला वाचता येतं हे त्यांना ठाऊकच होतं. थोड्या वेळाने त्यांनी पिशवीतून एक कोरडी डबी काढून मला दाखवली. वाडीतून निघताना त्यांनी लिंबाची पांढऱ्या ठिपक्यांची दोन पानं घेतली होती. ती पुसताना हातातून सुटली होती, की मुद्दाम ठेवली होती, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी त्यांनी डबी टपालात टाकली आणि तपासणीची फी मनिऑर्डरने पाठवली. कूपनावर त्यांनी काय लिहिलं ते मी पाहिलं नाही.

त्या थंडीत त्यांचा खोकला वाढला. भाजी येऊन पडवीत पडून राहायची, ते उठायचे नाहीत. ताई पाट घेऊन त्यांच्या अंथरुणापाशी जायची आणि म्हणायची, “मामंजी, बघता का जरा?” ते एखादं पान उचलून खाली ठेवायचे आणि म्हणायचे, “असेल चांगली.” ताई मग स्वयंपाकघरात येऊन चुलीपुढे डोळे पुसायची. टपालवाला आला की मात्र ते मान उचलायचे. माघात ते गेले.

पुण्याचं उत्तर त्यांच्या तेराव्यानंतर आठ दिवसांनी आलं. ताई म्हणाली, “तूच वाच.” मी पाकीट फोडलं. कीड इथलीच होती. जुनी, साधी, सगळ्या इलाख्यात लिंबावर आणि पेरूवर आढळणारी. परदेशी झाडाशी तिचा काही संबंध असण्याचं कारण नव्हतं. साबणाच्या पाण्याचा उपाय सुचवला होता. खाली फी मिळाल्याची पोच होती.

मी ते पत्र बराच वेळ हातात धरून ओटीवर बसलो होतो. कुणाला तरी जाऊन सांगावं असं फार वाटलं. पण ज्यांना ते कळायला हवं होतं ते गेले होते, आणि वाडीतल्या म्हातारीला ते आधीच ठाऊक होतं.